मनातल्या मनात ‘तू’ की ‘तुम्ही’? विज्ञान-मालिकांमधल्या मनकवड्यांची गोष्ट

अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. मागच्या पावसाळ्यात एका अंतराळ-मालिकेचा भाग हातात आला. जहाजाचा कप्तान आणि परग्रहावरून आलेली एक म्हातारी दूत समोरासमोर बसलेत. तोंडाने बोलताना दोघांची भाषा अगदी दरबारी, त्यामुळे तिथे ‘तुम्ही’ आपसूक आलं. मग ती बाई ओठ न हलवता थेट त्याच्या डोक्यात बोलते: ‘यू आर अफ्रेड.’ इंग्रजीचं बरं असतं, राजा असो की रंक, एका ‘यू’त सगळे बसतात. मी मात्र कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले. मनात बोलताना ती त्याला ‘तू घाबरलास’ म्हणेल की ‘तुम्ही घाबरलात’?

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. मनात आपण कुणाला अहो-जाहो करतो? साहेबांना तोंडावर ‘हो सर, करते सर’ म्हणणारी मी मनात ‘अरे बाबा, सोड आता, माझी गाडी जाईल’ असंच म्हणत असते. देवालाही आपण ‘तू’च म्हणतो. सासूबाईंचा विषय इथे नको. मग माझ्या मनात कुणी खरोखर शिरलंच, तर त्याला काय ऐकू येईल? मी बोलले ते, बोलायचं टाळलं ते, की त्याच्याही खाली जे नुसतं ढवळत असतं आणि ज्याला अजून शब्दच फुटलेले नसतात ते?

टेलिपथी म्हणजे मन वाचणं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मन वाचणं म्हणजे नेमकं काय वाचणं? डोक्यात चाललेली वाक्यं, त्यांच्यामागचे भाव, की माणूस पुढे जे करणार आहे तो बेत? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेली साठेक वर्षं विज्ञान-मालिका या तिन्हींच्या मधल्या फटींत गोष्टी शोधत आल्या आहेत. हे एकदा लक्षात आलं की कुठलीही मनकवड्याची मालिका समजायला सोपी जाते.

‘टेलिपथी’ हा शब्द तसा तरुण. १८८२ साली फ्रेडरिक मायर्स यांनी लंडनमध्ये तो घडवला. ग्रीकमधला ‘दूर’ आणि ‘जाणवणं, भोगणं’ या अर्थाचे दोन शब्द त्यांनी जोडले. तारायंत्र तोवर घरच्यासारखं झालं होतं, टेलिफोन नवानवा आला होता. तारेवरून शब्द जातात तर बिनतारेचा विचार का जाऊ नये, असं त्या काळातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं. आपल्याकडे ‘मनकवडा’ हा शब्द फार जुना, आणि कल्पना त्याहून जुनी. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, आणि ज्याचं नाव काढावं तो दारात उभा राहिला की ‘शंभर वर्षं आयुष्य आहे तुला’. घरगुती टेलिपथीच ही.

महाभारतातला संजय आपल्या लक्षात आहे तो दिव्यदृष्टीसाठी, युद्धाचं थेट प्रक्षेपण करणारा म्हणून. पण भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला सांगतात ते यापेक्षा जास्त आहे: उघड असो वा गुप्त, दिवसा घडो वा रात्री, आणि कुणी मनात नुसतं चिंतलेलं असलं तरी संजयाला ते कळेल. म्हणजे कॅमेरा तर दिलाच, वर माइक थेट डोक्यात लावून दिला.

मला मात्र खरी गंमत वाटते ती पतंजलीची. योगसूत्रांच्या विभूतिपादात एक सूत्र आहे, ‘प्रत्ययस्य परचित्तज्ञानम्’. दुसऱ्याच्या चित्तात उठणाऱ्या प्रत्ययावर, म्हणजे वृत्तीवर, संयम (एकाग्र ध्यान) केला की त्याच्या चित्ताचं ज्ञान होतं. इथवर सिद्धी मिळाली. आणि लगेच पुढच्या सूत्रात खोडा: ‘न च तत् सालम्बनम्’, ते ज्ञान आलंबनासकट होत नाही. भाष्यकार समजावून सांगतात की समोरच्याचं मन आसक्त आहे एवढं योग्याला कळेल, ते कशावर आसक्त आहे हे नाही कळणार. भाव कळला, विषय नाही. कोणत्याही मालिकेच्या लेखकाला मिठी मारावीशी वाटेल अशी ही अट आहे. कारण मनकवड्याला सगळंच कळलं तर गोष्ट पाचव्या मिनिटाला संपते. खुनी कोण, चोर कोण, कुणाचं कुणावर प्रेम आहे, झालं. पुढची चाळीस मिनिटं दाखवायचं काय?

म्हणून प्रत्येक मालिकेला आधी कुलूप घडवावं लागतं आणि मग किल्ली. मनकवड्याला काय येतं हे जाहिरातीत असतं, काय येत नाही ते गोष्टीत.

आता ही कल्पना टीव्हीला एवढी का आवडली? पहिलं कारण रोकड्याचं आहे. स्वस्त पडते. अंतराळयान उडवायला, राक्षस उभा करायला पैसे लागतात. मन वाचायला एक नट, त्याच्या आठ्या, आणि ध्वनिमुद्रणात थोडा घुमवलेला आवाज पुरतो. दुसरं कारण आपल्याला शिवाजी मंदिरात बसून कळेल. मराठी संगीत नाटकात नायक पुढे येऊन स्वगत म्हणायचा. शेजारच्या पात्राला ते ऐकू येत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला येतं, यात कुणालाच काही खटकायचं नाही. आमच्या घरी आई रात्री आठपासून ज्या मालिका बघते त्यात तर हे रोजचंच. सासू सुनेकडे बघते, चेहरा तीनदा जवळ येतो, आणि सासूचा आवाज ओठ न हलता सगळा कट सांगून टाकतो. एकदा मी आईला म्हटलं, ‘अगं, ही सून जर टेलिपाथ असती ना!’ आई म्हणाली, ‘मग ती सून कसली, मालिका चालणार कशी?’ पतंजलीचाच मुद्दा, फक्त कमी शब्दांत.

म्हणजे प्रेक्षक पूर्वीपासून मनकवडाच आहे. विज्ञान-मालिकांनी ही ताकद पडद्यावरच्या एखाद्या पात्राला दिली, एवढंच.

लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. अमेरिकेत ते १९६६ साली सुरू झालेलं, आमच्याकडे पोचेपर्यंत ऐंशीचं दशक उजाडलं. त्यातला टोकदार कानांचा स्पॉक समोरच्याच्या चेहऱ्यावर बोटं ठेवून मनात शिरायचा. बोटं ठेवावी लागतात, हे त्या मालिकेचं कुलूप. लांबून, चोरून जमत नाही. शिवाय जाणं-येणं दोन्हीकडून असतं. तू माझ्यात शिरलास की मीही तुझ्यात शिरणार, तुझं दुखणं माझं होणार. वाळकेश्वरहून चर्चगेटच्या माणसाचे बेत ऐकणारा हा हेर नव्हे.

१९६७ सालच्या एका भागात खाणकामगारांना मारणारा एक दगडासारखा प्राणी आहे, हॉर्टा नावाचा. स्पॉक त्याच्या मनाला भिडतो आणि वेदनेने किंचाळतो. मग कळतं की तो प्राणी आई आहे, आणि खाणीत सापडणाऱ्या ज्या गोळ्यांना कामगार दगड समजून फोडत होते ती तिची अंडी. इतकं सगळं सांगतात, पण सबटायटल लिहिणाऱ्या बाईच्या जिवाला लागलेला तुकडा वेगळाच आहे. पहिल्या भेटीनंतर हॉर्टा स्पॉककडून तीन इंग्रजी शब्द उचलते आणि खडकावर जाळून लिहिते: ‘नो किल आय’. कप्तान कर्क विचारतो, हे काय आहे? मला मारू नका अशी विनवणी, की मी मारणार नाही असं वचन? स्पॉक म्हणतो, माहीत नाही. दोन मनं एकमेकांना भिडली, आणि तरी व्याकरण अडलंच! टेलिपथी झाली तरी भाषांतराचं काम संपत नाही, हे त्या लेखकाने एका ओळीत दाखवून दिलं. (माझ्या पगारवाढीच्या बैठकीत मी हा मुद्दा मांडला होता. उपयोग झाला नाही.)

वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘स्टार ट्रेक’ची ‘नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका आली आणि तिच्यात डिआना ट्रॉय. आई बेटाझॉइड या मनकवड्या जमातीची, वडील माणूस. त्यामुळे आईला शब्दन्‌शब्द कळतो, हिला फक्त भाव. समोरचा काहीतरी लपवतोय हे कळतं, काय लपवतोय ते नाही. ‘न च तत् सालम्बनम्’ अंतराळात पोचलं ते असं. अर्थात लेखकांनी बिचारीला न्याय दिला नाही. पडद्यावर शत्रू लालबुंद होऊन ओरडतोय, आणि ट्रॉय गंभीरपणे कप्तानाला सांगतेय की मला याच्यात राग जाणवतोय. अगं, तो आम्हालाही जाणवतोय! शिवाय जिथे तिची फार मदत होईल अशा फेरेंगी नावाच्या व्यापारी जमातीचं मन बेटाझॉइडांना वाचताच येत नाही. व्यापाऱ्याच्या मनातला भाव कळू नये, हे मात्र मुंबईकराला पटण्यासारखं आहे.

त्याच मालिकेत १९९० साली दोन भाग आले, आणि टेलिपथी हे वरदान नसून दुखणं असू शकतं हे त्यांनी दाखवलं. एकात टॅम एल्ब्रन नावाचा माणूस आहे. त्याच्या जमातीत ही शक्ती वयात येताना जागी होते, म्हणजे तोवर ‘मी’ कोण ते मुलाला ठाऊक झालेलं असतं. टॅमला ती जन्मापासूनच. सगळ्यांचे आवाज कायम आत, बंद करायचं बटण नाही.

हे समजून घ्यायचं तर सकाळी डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढा. मी रोज चढते. एकीच्या डोक्यात गॅस बंद केला का, दुसरीच्या मुलाची दहावी, तिसरी मनातल्या मनात नवऱ्याशी कालचं भांडण पुन्हा जिंकतेय, चौथी स्तोत्र म्हणतेय, पाचवीला चौथी सीट हवीय आणि ती सहावीच्या मांडीकडे बघतेय. हे सगळं आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आपण ठाण्याला शांतपणे डुलकी काढू शकतो. टॅमला दादर येईपर्यंत वेड लागलं असतं. न ऐकू येणं ही किती मोठी सोय आहे, हे माणसाला सहसा कळत नाही.

दुसरा भाग सारेकचा, म्हणजे स्पॉकच्या म्हाताऱ्या वडिलांचा. दोनशे वर्षं ओलांडलेला हा मुत्सद्दी. त्याच्या जमातीने भावनांवर ताबा मिळवणं हाच धर्म मानलेला. म्हातारपणात त्याला असा आजार होतो की तो ताबा सुटतो, आणि आवरलेला राग, दुःख, सगळं त्याच्या नकळत भोवतालच्या माणसांत झिरपायला लागतं. जहाजावर कारण नसताना भांडणं पेटतात, आई मुलाच्या थोबाडीत मारते. आजोबा मात्र शांत बसलेले! घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळलेल्या कुणालाही हे अंतराळातलं वाटणार नाही. इथे कुणी कुणाचं मन वाचत नाही, मन स्वतःच गळतं. टेलिपथीची ही दिशा उलटी आहे आणि मला वाटतं सर्वांत खरी.

आता बेताकडे येऊ. विचार आला म्हणजे माणूस ते करणारच का? १९६१ साली ‘ट्वायलाइट झोन’ या मालिकेत बँकेतल्या एका कारकुनाची गोष्ट होती. सकाळी पेपरवाल्याकडे नाणं टाकतो, ते कडेवर उभं राहतं, आणि त्या दिवसापुरते त्याला लोकांचे विचार ऐकू यायला लागतात. बँकेतला एक जुना, भरवशाचा सहकारी मनात तिजोरी लुटायचा पूर्ण बेत रचतोय, हे त्याला ऐकू येतं. धावत जाऊन साहेबांना सांगतो. झडती होते आणि म्हाताऱ्याकडे काहीच सापडत नाही. म्हातारा कबूल करतो की हा विचार मी वर्षानुवर्षं रोज करतो. तेवढाच विरंगुळा. करण्याची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. कारकुनाने मन अगदी अचूक वाचलं होतं. माणूस मात्र साफ चुकीचा वाचला.

‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ या मालिकेच्या १९९७ सालच्या एका भागात हा प्रश्न थेट कायद्यात नेला. मारी नावाची एक मनकवडी जमात आहे. त्यांच्याकडे गुन्हेगारी जवळपास संपलीय, कारण हिंसक विचार करणं हाच गुन्हा. जहाजावरची तापट इंजिनियर बेलाना बाजारातून जाताना एका माणसाचा धक्का लागतो. क्षणभर तिच्या मनात येतं, याला एक ठेवून द्यावी. देत नाही, पुढे जाते. पण तो विचार त्या माणसाच्या डोक्यात उतरतो आणि थोड्या वेळाने तो दुसऱ्याच कुणाला बेदम मारतो. बेलानाला अटक, आणि शिक्षा काय, तर तो विचार तिच्या मेंदूतून खरवडून काढायचा.

हा भाग बघितल्यावर दुसऱ्या दिवशी दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिमेच्या पुलावर मी स्वतःच्या मनावर पाळत ठेवली. पायऱ्या संपेपर्यंत माझ्यावर चार गुन्हे दाखल झाले असते. त्यातला एक बॅकपॅक पाठीवरच ठेवणाऱ्या उंच मुलाविरुद्ध, आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही.

त्या भागाची खरी मेख पुढे आहे. मारी लोकांत हिंसक विचारांचा चोरटा बाजार चालतो. ज्यांना स्वतःला असे विचार येत नाहीत ते दुसऱ्याचे मिळवून चवीने चाखतात, आणि बेलानाचा तो विचारही असाच मुद्दाम उकरून काढलेला असतो. बंदी आली की काळाबाजार आलाच, मग वस्तू रॉकेल असो की राग.

सरकार आणि मनकवडे यांचा संबंध सर्वांत तपशिलात मांडला तो ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेने. १९९४ ते १९९८ ती चालली, लेखक जे. मायकेल स्ट्रझिन्स्की. तिथे पृथ्वीवर टेलिपाथ जन्मतात, आणि त्यांच्यासाठी ‘साय कोअर’ नावाची सरकारी संघटना आहे. शक्तीप्रमाणे श्रेण्या: पी-१ पासून पी-१२ पर्यंत. पी-५ असाल तर व्यापारी वाटाघाटीत बसून समोरचा खोटं बोलतोय का ते सांगण्याची नोकरी मिळते. पी-१२ असाल तर टेलिपाथांवरच नजर ठेवणारा पोलीस. छातीवर बिल्ला आणि हातात काळे हातमोजे, कारण स्पर्श झाला की मन जास्त उघडं पडतं. हातमोज्यांचा हा तपशील मला फार आवडतो. सबंध कायदा एका कपड्यात सांगून टाकला.

ज्याला संघटनेत जायचं नाही त्याच्यापुढे दोनच वाटा: तुरुंग, किंवा ही शक्ती झोपवणारं औषध जन्मभर टोचून घ्यायचं. सुसान इव्हानोव्हा या अधिकाऱ्याच्या आईने औषध पत्करलं. त्या औषधाने शक्तीबरोबर बाईचा सगळा उजेडच विझत गेला आणि शेवटी तिने आत्महत्या केली. मुलगी साय कोअरचा इतका द्वेष का करते ते आपल्याला हळूहळू कळतं, आणि तिच्यात स्वतःतही ती शक्ती थोडीशी आहे हे त्याहून उशिरा. या पोलिसांच्या खलनायकाचं नाव बेस्टर. मनकवड्या पोलिसांच्या राज्यात खून कसा लपवायचा यावर १९५० च्या दशकात कादंबरी लिहिणाऱ्या आल्फ्रेड बेस्टर यांच्यावरून ते ठेवलेलं, आणि भूमिका केली वॉल्टर कोनिग यांनी, जे जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्ये गोबऱ्या गालांचे चेकॉव्ह होते. मला तो धक्का पचवायला चार भाग लागले.

हेच स्ट्रझिन्स्की पुढे २०१५ साली ‘मॅट्रिक्स’ चित्रपट करणाऱ्या वाचोव्स्की बहिणींबरोबर ‘सेन्स-एट’ ही मालिका घेऊन आले, आणि मनकवडेपणा मुंबईत पोचला. जगभरातली आठ अनोळखी माणसं, एकाच क्षणी जन्मलेली, एक दिवस मनाने जोडली जातात. एक नैरोबीचा बसचालक, एक सोलची, एक मेक्सिको शहरातला नट, एक बर्लिनचा तिजोरीफोड्या वोल्फगांग. आणि मुंबईची एक औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, गणपतीची भक्त मुलगी, नाव काला दांडेकर. आडनाव ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. (तिला घरात ‘काला’ अशी हाक मारणारे दांडेकर मला अजून भेटलेले नाहीत, ते असो.)

इथे मन वाचणं नाहीच. इथे एकमेकांच्या जागी जाऊन उभं राहता येतं. बर्लिनमध्ये पाऊस, तर मुंबईत कालाच्या अंगावर शहारा. एकाला मारामारी येते, ती दुसऱ्याच्या हातात उतरते. आणि ऐन लग्नाच्या मांडवात वोल्फगांग तिच्यापुढे कपड्यांशिवाय उभा राहतो. बाकी कुणाला दिसत नाही, नवरीला भोवळ येते. मांडवातल्या शंभर नातेवाइकांना जी गोष्ट दिसत नाही तीच नवरीला दिसते आहे, या गोष्टीला टेलिपथी लागते असं नाही, पण ती असली की चित्र झकास होतं.

या मालिकेने भाषेचा प्रश्न बगल देऊन सोडवला. सगळे इंग्रजीत बोलताना आपल्याला ऐकू येतात, पण गृहीत असं की प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतोय आणि दुसऱ्याला ते कळतंय. ब्रिटिश ‘डॉक्टर हू’मध्येही हेच काम यान करतं, टार्डिस नावाचं. त्यातली मनोवाहक यंत्रणा प्रवाशांच्या डोक्यात परस्पर भाषांतर करून देते. माझ्या पोटावर पाय, दुसरं काय!

मग खऱ्या जगात यातलं काही आहे का? थोडक्यात सांगायचं तर मन लांबून वाचता येतं याचा पडताळा आजवर कुणाला देता आलेला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पत्त्यांवर प्रयोग केले. २५ पत्ते, त्यावर वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन, तारा अशी पाच चिन्हं. नुसता अंदाज मारला तरी सरासरी ५ बरोबर येणारच. काहींचे जास्त आले आणि गाजावाजा झाला. मग लक्षात आलं की सुरुवातीच्या काही छापील पत्त्यांतलं चिन्ह मागून झिरपून दिसायचं. बंदोबस्त कडक केला की जादू ओसरायची.

त्याहून सुंदर गोष्ट हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांची आहे. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून तार आली. दूर गावी बहिणीला अचानक वाटलं होतं की याला काहीतरी झालंय. बर्गरांच्या डोक्यात बसलं की त्या क्षणी आपल्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडलं असणार. ते शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. बहिणीपर्यंत पोचलेलं ते काही सापडलं नाही. पण १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी त्यांनी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आज फिट येणाऱ्या मुलाचा ‘ईईजी’ काढतात तो हाच.

त्या लहरी बहिणीपर्यंत का पोचल्या नसत्या, तर त्या फार क्षीण असतात. कवटीवर मोजलं तर काही लक्षांश व्होल्टचा खेळ: साधारण ५० मायक्रोव्होल्ट धरा. टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल याच्या तीस हजार पट जोरकस. आणि समजा पोचल्याच, तरी उलगडायच्या कशा? मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. ‘आंबा’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे जाळं पेटतं त्यात कोकणातल्या आजोळची अढी आहे. तुमच्या जाळ्यात ती नाही. दोघांची लिपीच वेगळी.

यंत्र मध्ये घातलं तर मात्र काहीतरी जमतं. २०१४ साली तिरुवनंतपुरममध्ये एक माणूस डोक्यावर ईईजीची टोपी घालून बसला आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला दुसरा डोळ्यांवर पट्टी बांधून. पहिल्याने हात हलवल्याची कल्पना केली की १, पाय हलवल्याची केली की ०. ते आकडे इंटरनेटवरून गेले. तिकडे चुंबकीय झटक्याने दुसऱ्याच्या मेंदूत प्रकाशाचा ठिपका चमकायचा किंवा चमकायचा नाही. असा ‘ओला’ हा स्पॅनिश नमस्कार एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पोचला. वेग मिनिटाला साधारण दोन बिट. नमस्कार होईपर्यंत चहा गार.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटाने २०२३ मध्ये केलेलं काम माझ्या धंद्याच्या जास्त जवळचं आहे. माणसाला एमआरआय यंत्रात झोपवून तासन्‌तास गोष्टी ऐकवल्या, प्रत्येकाला सुमारे १६ तास, आणि संगणकाला त्या माणसाचा मेंदू शिकवला. मग नवी गोष्ट ऐकवून त्याच्या मेंदूतला रक्तप्रवाह बघून संगणकाने ती लिहून काढली. गोष्टीतलं वाक्य होतं, माझ्याकडे अजून गाडीचं लायसन्स नाही. संगणकाने लिहिलं, तिने अजून गाडी शिकायला सुरुवातही केलेली नाही. शब्द गेले, ‘मी’ची ‘ती’ झाली, आशय राहिला! सबटायटलमध्ये दोन छोट्या ओळींत बसवताना मी नेमकं हेच करते. आणि कुलपं इथेही आहेतच. एकाच्या मेंदूवर शिकलेलं यंत्र दुसऱ्यावर चालत नाही. यंत्रातला माणूस मनात आकडे मोजायला लागला किंवा स्वतःचीच वेगळी गोष्ट रचायला लागला, तर यंत्र गडबडतं.

साय कोअरची भीती आपल्याकडे अगदीच परकी नाही. २००८ साली पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात निकाल देताना मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला गेला. शब्द ऐकवल्यावर त्या अनुभवाची आठवण मेंदूत आहे की नाही हे ती चाचणी सांगते, असा दावा होता. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि मेंदूतून काढून घेतलेली साक्ष हीही साक्षच. थोडक्यात, हातमोजे घाला.

तर ती म्हातारी दूत. मी ‘तू घाबरलास’ असं लिहून फाइल पाठवली. तपासणाऱ्या बाईंनी ‘तुम्ही घाबरलात’ करून परत पाठवली, शेजारी शेरा: दूत आहे, अदब हवी. मी कळवलं की ती बोललेलीच नाही, अदब कुठून येणार? त्यांनी लिहिलं, प्रेक्षक तरी वाचणारच आहे ना? दोन दिवस फाइल इकडून तिकडे. कप्तान पडद्यावर गोठलेला, म्हातारी त्याच्याकडे बघतेय, खाली ओळ रिकामी. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘अगं, कर्ताच काढून टाक की.’

मी लिहिलं, ‘भीती वाटतेय.’